सायकली ढकलणाऱ्या पोरी

नव्वदच्या दशकात एका योजनेतून आम्हा कळस गावच्या पाच मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. चालवता एकीलाही येत नव्हती. पण तपासणीला साहेब येणार, सायकल रोज शाळेत दिसली पाहिजे, असा गुरुजींचा हुकूम होता. म्हणून आम्ही त्या तीन किलोमीटर ढकलत न्यायचो.

वाटेवर मेंढरं राखणारा एक म्हातारा हे आठवडाभर बघत होता. शेवटी त्यानं विचारलं, "पोरींनो, साळा तुमी शिकताय का सायकल शिकतीय?"

आम्ही लाजलो. त्यानं काठी खाली ठेवली, माझ्या सायकलचं कॅरिअर धरलं आणि म्हणाला, "बस वर."

मग रोज तो एकेकीला असंच धरून शिकवू लागला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की तो सायकल सोडून रस्त्याच्या मधोमध घोंगडी पसरून उभा राहायचा. ड्रायव्हर शिव्या घालायचा. म्हातारा ओरडायचा, "थांब जरा! पोरगी पडली की मग जा!"

महिनाभरात पाचही जणी चालवायला लागलो. मी म्हटलं, "आबा, आता तुम्ही एक चक्कर मारा."

तो घाबरून मागं सरकला. "मला कुठं येती? मी नुसतं धरतो."

पुढं आम्ही त्याच्यासमोरून भुर्रकन जायचो. तो हात पुढं करून चार पावलं आमच्या मागं धावायचा. नाव विचारायला मात्र आमच्यातली एकही कधी थांबली नाही.