सासूबाईंचा फॉर्म

आमचे हे त्वचापेढीत कामाला आहेत. माणूस गेला की त्याच्या मांडीवरून, पाठीवरून मशीननं कातडीचा कागदाइतका पातळ पापुद्रा काढून आणायचा, तपासायचा, ग्लिसरीनमध्ये घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. मग कोणी भाजून आलं की डॉक्टर तो जखमेवर पट्टीसारखा पसरतात. दोन-तीन आठवड्यांनी तो गळून पडतो, पण तोवर आग थांबते, जखम चिघळत नाही. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगा दवाखान्यात लॅबमध्ये असतो. लॅब म्हणे!

नातेवाइकांत ह्यांची काय कमी चेष्टा होते? हे कोणाला आजारपणात भेटायला गेले की आजारी माणूस ताडकन उठून बसतो. माझा भाऊ तर यांना दारातच म्हणाला होता, "भावजी, मी अजून आहे हं!" हेही हसतात. पण कोणाच्या घरी माणूस गेलेला असताना यांना बोलताना ऐकावं. आवाज खाली, हात जोडलेले. "रक्त वाहत नाही, चेहऱ्याला धक्का लागत नाही, कपडे घातल्यावर काही दिसत नाही. वयाची अट नाही. फक्त सहा तासांच्या आत हवं." रडणारी माणसं या माणसाचं ऐकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सासूबाईंनी त्वचादानाचा फॉर्म भरला तो हौसेनं. सही करून म्हणाल्या, "माझी पाठ जन्मात कोणी चोळून दिली नाही. आता तरी कोणाच्या कामी येऊ दे."

त्या गेल्या सकाळी सातला, घरीच, झोपेत. माझी नणंद तासाभरात पोचली. हे आईच्या पायाशी बसलेले, हाताची घडी घालून. पेढीला फोन नाही, काही नाही. शेवटी नणंदेनंच विचारलं, "दादा, आईनं फॉर्म भरला होता ना?"

"सत्तरीनंतर घेत नाहीत गं," हे म्हणाले.

मी चहा गाळत होते, हात तिथंच थांबला. आठच दिवसांपूर्वी ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांची कातडी घेऊन आले होते हे! पण मी बोलले नाही. म्हटलं, त्यांची आई, त्यांचं दुःख, मी कोण मध्ये तोंड घालणारी? एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी मी, त्या दिवशी तोंडात मूग धरून बसले. दुपारी एक वाजून गेला.

रात्री हे म्हणाले, "ते मशीन कसं चालतं मला माहितीये. त्याचा आवाज माहितीये. आईवर नाही चालवू देववलं." आणि हा माणूस वीस वर्षं दुसऱ्यांच्या आयांवर ते चालवत आला.

दोन महिन्यांनी बेकरीत काम करणारी एक बाई आली, पाठ पूर्ण भाजलेली. फ्रीजमध्ये होती तेवढी कातडी अर्ध्या पाठीला पुरली. उरलेल्या अर्ध्या पाठीला साधी पट्टी. ती रोज बदलायची, आणि रोज जखमेला चिकटलेली निघायची. तिचं ओरडणं यांच्या खोलीपर्यंत येई. "आईची कातडी एव्हाना तपासून तयार झाली असती," हे ताटावर बसून म्हणाले आणि तसेच उठले. मी समजूत घातली नाही. काय घालणार, कपाळ?

त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. तिच्या आत्तेसासूबाई आदल्या दिवशी गेल्या होत्या. फॉर्म भरलेला, घरचे पेढीला फोन करायला निघालेले. "मीच थांबवलं बाई. म्हटलं, दादा तिथंच आहे, तो सांगतो सत्तरीनंतर चालत नाही. आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत झालंय."

मी फोन ठेवला आणि माझं टाळकं सटकलं. "ऐकलंत? एक खोटं बोललात, आता ते घरोघर फिरतंय! तुमच्या तोंडचं म्हटल्यावर कोण शंका घेणार? उठा, आत्ताच्या आत्ता चला." यांनी मुकाट्यानं चपला घातल्या.

नणंदेच्या स्वयंपाकघरात यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. "आईची चालली असती. आत्याबाईंचीही चालली असती. मला धीर झाला नाही, म्हणून मी खोटं बोललो."

मला वाटलं, ती आता कडाडेल. भावंडं दोघंही तापट. पण ती नुसती स्टुलावर बसली.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "मला बाजूला घेऊन म्हणाली होती, 'त्याला नाही जमायचं, दुसऱ्यांना सांगणं वेगळं. तू फोन कर.' पेढीचा नंबर लिहून दिला होता तिनं. त्या सकाळी मी नंबर लावतच होते, दादा. मग म्हटलं, आधी तुला विचारावं."

हे खाली बसले, फरशीवरच, आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते.

नणंदेनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.