नाव न छापता

मार्चच्या अखेरीस मी ऑनलाइन जाहिरात पाहून एक जुना कूलर घ्यायचे ठरवले. विकणाऱ्याने क्यूआर कोड पाठवला, मी आठ हजार रुपये भरले. कूलर आला नाही आणि त्याचा फोन बंद झाला. पैसे ज्या खात्यात गेले त्यावर एका महिलेचे नाव होते. मी सायबर पोलिसांकडे तक्रार केली आणि ते खाते गोठवले गेले. इथवर माझे काही चुकले नव्हते.

मग मी त्याची बातमी केली. शहराचे पान माझ्याकडे असते आणि त्या दिवशी एका कॉलमची जागा रिकामी होती. फसलेला ग्राहक मीच, हे लिहिले नाही. महिलेचे नावही दिले नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आम्ही ते देत नाही. पोलिसांकडून कळले तसे, रक्कम शहरातल्या सक्करदरा भागात घरगुती मसाले विकणाऱ्या एका महिलेच्या खात्यात गेली, एवढेच लिहिले. मथळ्यात 'टोळी' हा शब्द होता. एका कॉलमात तो नेमका बसला. तिची बाजू विचारायला फोन करायचा असतो. तो मी केला नाही.

आठवड्याभराने ती सासूला घेऊन कार्यालयात आली. तक्रारदार कोण, हे तिला पोलिसांकडून कळले होते. बातमी कोणी लिहिली, हे माहीत नव्हते. पेपरवाला माणूस आहे तर पेपरचे काहीतरी करू शकेल, एवढ्या आशेने ती आली होती.

तिने सांगितले ते असे. एका माणसाने फोनवर आठशे रुपयांचा मसाला मागवला आणि पैसे भरायला तिचा क्यूआर कोड घेतला. खात्यात आठ हजार आले.

"तो म्हणे, ताई, एक शून्य जास्त पडलं, बाकीचे वापस टाका. मी लगेच टाकले. आपले नाही ते काहून ठेवू, भाऊ?"

तोच कोड त्याने मला पाठवला होता. माझे पैसे तिच्याकडे गेले आणि तिच्या हातून त्याच्याकडे. मसाल्याचे पार्सल चुकीचा पत्ता म्हणून परत आले होते.

"चोरालेही माह्या मसाला नाही पाहिजे," ती म्हणाली आणि हसली.

"तुले हसू सुचून राहिलं वं?" सासू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वर्षाचा मसाला लोक उन्हाळ्यातच घेतात. मिरची उधारीवर आणली. खातं बंद, अन् पेपरात टोळी!"

"बातमीत नाव नव्हतं," मी म्हणालो.

"नाव कायले पाहिजे? आमच्याकडे मसाला विकणारी हे एकच आहे. भिशीतल्या बायाही आता मसाल्याचं 'मंग पाहू' म्हणतात."

माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही, असे मी दुसऱ्याच दिवशी पोलिसांना लिहून दिले. खाते उघडायला मे उजाडला. मी खुलाशाच्या चार ओळी लिहिल्या आणि तिला फोनवर वाचून दाखवल्या.

"नका छापू, भाऊ," ती म्हणाली. "ज्यायले माहीत नव्हतं त्यायलेही समजंल. मोबाईलवर ते बातमी अजून दिसते, ते तेवढी काढता येते का पाहा. नवीन गिऱ्हाईक पहिले तेच पाहते."

मी पाहतो म्हणालो.

संकेतस्थळाचे काम पाहणारा सहकारी म्हणाला, "सर, खरी बातमी आपण काढत नाही. यात चूक काय आहे ते लिहून द्या, लगेच काढतो."

मी बातमी पुन्हा वाचली. एकही वाक्य खोटे नव्हते. चूक लिहून द्यायची तर दोन गोष्टी लिहाव्या लागतात: तक्रारदार मीच होतो, आणि दुसऱ्या बाजूला मी विचारले नाही. यातली पहिली एकटीच नोकरी जायला पुरेशी आहे.

नंतर तिचा एकदा फोन आला. बोलताना तिने बातमी लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या, मग "तुम्ही भले माणूस आहा" म्हणाली. मी काम चालू आहे असे सांगितले. सक्करदरा आणि मसाला हे शब्द टाकले की ती बातमी अजून सगळ्यात वर येते. मी अजून काहीही लिहून दिलेले नाही.