न विसळलेली किटली

रविवार, १४ एप्रिल १९९६. बोचरा वारा. अ‍ॅम्ब्रोज थ्रेलफॉलची ब्रॅम्बल गाय पहाटे व्याली, कालवड झाली. चिकाची किटली आली. मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये वादावादी.

अ‍ॅम्ब्रोज माझा शेजारी. साठीचा, बिनलग्नाचा, वडिलांमागे तीस गाई एकट्याने सांभाळणारा. बोलण्यात कंजूष, देण्यात नाही. गाय व्याली की आमच्या चार घरांत चीक पोचतोच. आम्ही जायफळ घालून खरवस करतो आणि किटली न विसळता परत देतो. विसळली तर गाई-वासराच्या जिवाला धोका, असं इंग्लंडातल्या लँकशरच्या या भागात मानतात. शाळेतल्या सिस्टर बर्नाडेट याला अडाणीपणा म्हणायच्या. किटली मात्र त्याही विसळत नसत.

चार वर्षांपूर्वी त्याची डॅमसन गाय गेली. सगळ्यांत दुभती, म्हणून खुराकही तिलाच सगळ्यांत जास्त. त्या खुराकात मेलेल्या गुरांच्या हाडामांसाची भुकटी होती, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. आधी ती दारातल्या उजेडाला बुजायला लागली. मग गोठ्यातल्या नालीपाशी थबकून, काही नसताना पाय उंच उचलायची. शेवटी तिला उठताच येईना. तिची जागा अजून रिकामी आहे. दुसरी गाय तिथे उभी राहत नाही, असं अ‍ॅम्ब्रोज म्हणतो. मला वाटतं, तोच उभी करत नसावा.

माणसांनाही हा ‘मॅड काऊ’ रोग होतो, असं गेल्या महिन्यात सरकारने सांगितलं आणि खाटकाचं दुकान ओस पडलं. आज हॉलमध्ये चहाबरोबर सगळ्यांनी नुसते चीजचे सँडविच उचलले.

"खुराकाचं नाव कशाला घेता?" कथबर्ट होल्डन म्हणाला. "सरकारने गाईंच्या पाठीवर गोमाशांचं औषध ओतायला लावलं, तेव्हापासून हे सुरू झालंय."

"तुझ्या पाठीवरही ओतलं होतं वाटतं कुणी," एकल्सबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मग त्याच हळूच म्हणाल्या, "माझा टेरेन्स शाळेत रोज बर्गर खायचा हो. दहा वर्षांनीसुद्धा उमटतं म्हणतात."

अ‍ॅम्ब्रोज दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. त्याला पाहून एकल्सबाई कप गोळा करू लागल्या.

दुपारी तो माझ्याकडे आला. हातात तीन किटल्या होत्या, तिन्ही लख्ख. एकीला ब्लीचचा वास येत होता.

"बाकी तिघी शेजारणींनीही विसळल्या, बाई. चीक ओतून दिला असणार."

"घाबरलेत रे. दुधातून काही होत नाही म्हणतात, पण म्हणणाऱ्यांवर आता कोण विश्वास ठेवणार?"

"तुम्ही ठेवता?"

मी ओव्हनकडे बोट दाखवलं. खरवस आत होता.

तो बसला. बराच वेळ टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करत राहिला. "ब्रॅम्बल डॅमसनचीच मुलगी. भुकटीच्या खुराकावर सरकारची बंदी आली त्यानंतर दोन वर्षांनी जन्मलेली. हिच्या तोंडी तो जायलाच नको होता."

"मग?"

"आज चर्चला निघताना तिला बाहेर काढत होतो. नालीपाशी थबकली अन् पाय उचलला. उंच." त्याने हात वर नेला आणि तसाच धरला. "आईकडून आलं असेल? का एखादं जुनं पोतं तळाशी राहिलं होतं अन् मीच संपवलं? रोज आठवून बघतो. पोतं दिसतं, हात दिसतो, पण साल कुठलं तेच कळत नाही."

"व्यायल्यावर अशक्तपणा असतो, अ‍ॅम्ब्रोज."

"तीस वर्षं व्यालेल्या गाई बघतोय, बाई. जनावरांच्या डॉक्टरला फोन केलाय. उद्या येतील."

मी खरवस काढला. दोन वाट्या भरल्या. पहिला घास घेताना माझा चमचा किंचित थांबला. त्याने ते पाहिलं आणि आपला चमचा भरला. दोघांनी वाट्या संपवल्या. अंगणापलीकडून ब्रॅम्बल वासरासाठी हंबरत होती.

जाताना त्याने माझ्या किटलीकडे पाहिलं. "आता खुशाल विसळा. तिचं काय व्हायचं ते होणारच."

"वासरू आहे ना अजून," मी म्हटलं.

तो तीन किटल्या घेऊन गेला. चौथी मागे राहिली.

संध्याकाळी नोंद: खरवस अर्धा उरला, झाकून ठेवला. किटली न विसळता खिडकीत ठेवली आहे.