कॉन्फिग नितीनला विचार

असे किस्से मुद्दाम कुणी साठवत नाही. ते आपोआप साठतात. माझे साठले दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची झाकणं उघडता उघडता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बस, यापुढे कुणाला सल्ला द्यायचा नाही. मग चार दिवसांनी कुणाचा तरी फोन यायचा, "नितीन, गेम अडकतोय रे, काय बदलू?" आणि मी लगेच सांगायचो. तेही मोठ्या खात्रीने. कंपनीच्या बसमध्ये आजही हे किस्से निघाले की सगळे हसतात. मीही हसतो. पण त्यातल्या बहुतेकांत चूक माझीच होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

आम्ही चौघं. चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनवणाऱ्या एकाच कंपनीतले. मी मेंटेनन्सला. दत्ता तापकीर फॅब्रिकेशनला, इथल्याच जुन्या गावकऱ्यांपैकी. राहुल कांबळे क्वालिटीला, राहायला रहाटणीत. आणि सोनवणे काका, प्रेस शॉपचे फोरमन. काका रिटायर झाले, निगडीच्या घरी बसून कंटाळले, आणि मुलगा परगावी जाताना मागे ठेवून गेलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही त्यांना आमचा गेम शिकवला. चौघांची एक टीम असते, समोर दुसऱ्या चौघांची. बंदुका घेऊन एकमेकांना शोधायचं. दर रविवारी सकाळी दहाला आपापल्या घरी हेडफोन लावून आम्ही बसायचो. टीमचं नाव आम्ही ठेवलं होतं 'बी शिफ्ट'.

मी कंपनीत मशीनची पॅनेलं दुरुस्त करतो, एवढ्यावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की कॉम्प्युटरमधलं मला कळतं. आत कुठलं सामान घालायचं, म्हणजे कॉन्फिग, ते नितीनला विचार, असं जो तो म्हणायचा. मीही कधी नाही म्हटलं नाही.

*

पहिला दत्ता. त्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. गेममधलं चित्र जे कार्ड उभं करतं, ते. मी व्हिडिओ बघून त्याला सगळ्यात दांडगं कार्ड सुचवलं. दत्ताने ते आणलं, खोक्याला हळदकुंकू लावलं आणि मला फोन केला.

"नित्या, हे आत जात न्हाई."

मी कार्डाची ताकद बघितली होती, लांबी बघितलीच नव्हती. ते त्याच्या कॅबिनेटपेक्षा चार बोटं लांब होतं. मी म्हटलं, थांब, रविवारी येतो, काहीतरी मार्ग काढू.

पण दत्ता फॅब्रिकेशनचा माणूस. पत्रा आडवा आला की तो कापायचा, एवढंच त्याला ठाऊक. त्याने ग्राइंडर घेतला आणि कॅबिनेटला पुढून खिडकी पाडली. कापलेली कड कानस मारून इतकी सफाईदार केली होती की आमच्या इन्स्पेक्शनमधूनसुद्धा सहज पास झाली असती. फक्त मदरबोर्ड आतच होता. लोखंडाचा सगळा चुरा त्याच्यावर बसला आणि बटण दाबताच आतून चुर्र आवाज आला.

मी पोचलो तेव्हा दत्ता खुर्चीवर शांत बसला होता. म्हणाला, "फिटिंग मातुर एकदम बरोबर बसलंय."

*

दुसरा किस्सा माझा स्वतःचा. हा मी वर्षभर कुणाला सांगितला नव्हता.

मी नवा मॉनिटर घेतला. साधा मॉनिटर सेकंदाला साठ वेळा चित्र बदलतो, हा एकशे चव्वेचाळीस वेळा बदलायचा. म्हणजे समोरचा कोपऱ्यातून डोकावला की आपल्याला आधी दिसणार. बायकोला, वैशालीला, मी शेजारी बसवून दाखवलं, की बघ, किती सुळसुळीत चालतंय. ती म्हणाली, मला तर तसंच वाटतंय. मी म्हटलं, त्याला नजर लागते, तुला नाही कळायचं.

मग दोन महिने मी बसमध्ये हेच बोलत होतो. जुन्या मॉनिटरवर आता बघवत नाही, डोळे दुखतात, वगैरे. माझं ऐकून राहुलनेही तसाच घेतला. त्याच्याकडे जोडून द्यायला गेलो आणि सेटिंग उघडून त्याला दाखवत होतो, की हे बघ, इथे साठ असतं, ते आपण हाताने बदलायचं. नाही बदललं तर मॉनिटर साठवरच चालतो.

बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझ्या घरी मी हे कधी केलंच नव्हतं.

घरी आलो. वैशाली पलीकडे मुलीची वेणी घालत होती. मी गुपचूप सेटिंग बदललं. तिने मान वर करून सहज विचारलं, "आज काय केलंत? आज खरंच छान दिसतंय."

मी म्हटलं, काही नाही, काच पुसली.

*

राहुलचा किस्सा बसमध्ये निघत नाही. मी काढू देत नाही.

राहुलचा गेम अधूनमधून गोठायचा. तो गोळी मारायचा, सगळं थांबायचं, आणि चालू होईपर्यंत हा मेलेला असायचा. रविवारी दत्ता त्याला फार बोलायचा. राहुलने मला विचारलं, काय बदलू, भाऊ? मी म्हटलं, प्रोसेसर जुना झालाय. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलायला हवा, आणि मग रॅमही नवी लागणार. म्हणजे अख्खा कॉम्प्युटरच. पुढच्या रविवारपर्यंत सगळं घेऊन टाक, असंही वरून म्हणालो.

त्याने घेतलं. मी जोडून दिलं. गेम तसाच गोठत राहिला.

दोन आठवडे मी नाना खटपटी केल्या. मग एका रविवारी त्याच्या घरी बसलो असताना त्याची आई म्हणाली, "स्वयंपाकघराचं दार लावलं की माझापण मोबाइल असाच थांबतो." इंटरनेटचा डबा स्वयंपाकघरात होता. राहुल बसायचा दोन भिंती पलीकडे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लांब वायर आणली आणि डब्यापासून थेट कॉम्प्युटरपर्यंत ओढली. त्यानंतर गेम एकदाही थांबला नाही. जुन्या प्रोसेसरवरही थांबला नसता.

इथवर हसायला हरकत नाही.

एप्रिलमध्ये जयंतीला राहुलने आम्हाला त्यांच्याकडे बोलावलं. संध्याकाळी पटांगणात गाण्यांचा कार्यक्रम होता. राहुल शाळेत असल्यापासून तिथे ऑर्गन वाजवायचा, भीमगीतांना त्याची साथ सगळ्या वस्तीला माहीत. मुख्य गायक स्टेजवरून त्याला हाक मारत होते, ये की, आज असा खाली काय बसलास. राहुल जागेवरूनच म्हणाला, ऑर्गन दुरुस्तीला दिलाय.

मी शेजारीच होतो. त्याला हळूच विचारलं, कुठे दिलाय दुरुस्तीला? आपण बघू ना.

तो स्टेजकडे बघत म्हणाला, "विकला, भाऊ. प्रोसेसरला पैसे कमी पडत होते."

*

दत्ताचाच आणखी एक. ते चुर्र झाल्यानंतर त्याने बाकीचं सामान पुन्हा हळूहळू जमवलं. मग मी त्याला सांगितलं की गेम उघडायला वेळ लागतो तो जुन्या हार्ड डिस्कमुळे. नवी डिस्क टाक, जुनी पुसून साफ करू, दोन्हींवर गेम बसवू. त्याचा कॉम्प्युटर मी माझ्या घरी आणला होता. पुसायच्या आधी मी त्याला फोन केला. तो शॉपमध्ये होता, मागे कटिंग चालू होतं.

मी ओरडून विचारलं, जुन्या डिस्कवर कामाचं काही आहे का? तोही ओरडला, "न्हाई, काय न्हाई, मार पुसून."

मी पुसली. फोल्डर उघडून बघायला हवं होतं. एक मिनिटाचं काम होतं.

महिन्याभराने त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. दत्ताच्या वडिलांनी आयुष्यभर शर्यतीचे बैल सांभाळले. घाटात, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, त्यांची जोडी पहिली आली, त्या दिवसाचं शूटिंग दत्ताने स्वतः केलं होतं. वडील गुलालाने माखलेले, बैलाच्या गळ्यात हात टाकून काहीतरी बोलतायत, असं. त्याने मला एकदा दाखवलंही होतं. श्राद्धाला आलेल्या पाहुण्यांनी ते बघायला मागितलं, तेव्हा ते कुठे होतं ते त्याला आठवलं.

मी नंतर ते परत मिळवायची खूप खटपट केली. पुण्यात दोन ठिकाणी डिस्क दाखवून आणली. वर गेम बसवल्यामुळे खालचं काही उरलं नव्हतं. डिस्क परत द्यायला गेलो. दत्ताने ती हातात उलटसुलट करून पाहिली. मला एका शब्दाने दोष दिला नाही. शेवटी त्यानेच विचारलं, "आता गेम किती वेळात उघडतो रे?"

मी म्हटलं, दहा-बारा सेकंदांत.

"मग बरं हाय," म्हणाला, आणि डिस्क कपाटात ठेवायला आत गेला.

*

सोनवणे काका आमच्या टीममध्ये सगळ्यात आधी मरायचे. आम्ही त्यांना मागची बाजू राखायला द्यायचो, आणि मागून कुणीतरी येऊन त्यांना मारायचं. या गेममध्ये कानाचं काम मोठं. समोरच्याची पावलं ऐकू येतात, डावीकडून की उजवीकडून तेही कळतं. आम्ही हेडफोनमध्ये बोंबलायचो, काका, मागे, मागे! काका म्हणायचे, "हो हो, आलो," आणि तसेच उभे राहायचे.

मी त्यांना आधी रॅम वाढवायला लावली. मग ग्राफिक्स कार्ड. मग मॉनिटर. काकांनी कधी का म्हणून विचारलं नाही. मी चिठ्ठीवर लिहून द्यायचो, ते आणायचे, मी निगडीला जाऊन बसवून द्यायचो, काकू पोहे करायच्या. पुढच्या रविवारी काका पुन्हा पहिले मरायचे. दत्ता वैतागून काय काय बोलायचा. मीही बोललोय. एकदा तर मी म्हटलं होतं, की काकांना काढून दुसरा कुणीतरी घेऊ. हेडफोन लावलेला असतानाच म्हटलं होतं. काका म्हणाले, "हो हो."

शेवटी मी त्यांना खास गेमसाठीचा हेडफोन लिहून दिला, ज्यात पावलं अगदी बारीक ऐकू येतात. पहिली शिफ्ट सुटल्यावर दुपारी त्यांच्याकडे गेलो. कॅबिनेटच्या मागे हात घालून चाचपडत पिन लावली. आवाज तपासायची खिडकी उघडली. त्यात डाव्या आणि उजव्या स्पीकरचं चित्र असतं, ज्या बाजूने आवाज येतो ते चित्र चमकतं. काकांना हेडफोन घातला आणि मोठ्याने विचारलं, कुठून आला?

"डावीकडून."

आता?

"उजवीकडून. एकदम क्लिअर."

मलाही ऐकायचं होतं. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून माझ्या कानाला लावला. आत काहीच नव्हतं. मागे वाकून बघितलं, तर पिन मी माइकच्या भोकात घातली होती.

मी सरळ झालो. काका स्क्रीनकडे बघत होते. चित्रातला डावा स्पीकर अजून चमकत होता.

प्रेस शॉपमध्ये सगळेच ओरडून बोलतात. काकाही ओरडून बोलायचे, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायचे. आम्हाला ती फोरमनची पद्धत वाटायची. फोन केला तर नेहमी काकूच उचलायच्या. इतक्या वर्षांत हे सगळं माझ्या डोक्यात कधी एकत्र आलं नव्हतं.

मी त्यांच्या समोर बसलो आणि विचारलं, काका, किती दिवस झाले?

"प्रेसवर तीस वर्षं काढली, नितीन," ते म्हणाले. "समोर बसलास तर कळतं. यात नुसती गुणगुण येते."

मला ते सगळे रविवार आठवले. आम्ही काय काय बोललो होतो ते आठवलं. काकांनी यातलं किती ऐकलं होतं आणि किती नाही, हे विचारायची हिंमत होईना. मग मी म्हटलं, काका, मी उगाच तुम्हाला एवढं सगळं आणायला लावलं. आधी सांगायचं ना.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का टीममध्ये?"

काकू बशीत चहा ओतून पीत होत्या. मी विचारलं, मग दर रविवारी दोन-दोन तास हेडफोन लावून तुम्ही नुसते बसता कशाला?

काकांनी गेम उघडला. कोपऱ्यात आमच्या चौघांची नावं एकाखाली एक होती. त्यांनी माझ्या नावापुढे बोट ठेवलं.

"तू बोललास की इथे हिरवा दिवा लागतो. दत्ता बोलला की त्याच्यापुढे लागतो. काय बोलता ते नाही कळत," काका म्हणाले, "पण पोरं आलीयत, एवढं कळतं."