तानाबाईनं आणलेला तोफगोळा

उचगावचे भंगारवाले करीमचाचा हातोडीच्या ठोक्याचा आवाज ऐकून पितळ पारखत. मी त्यांच्याकडे वीस वर्षं हमाली केली.

१९७४ साली भंगार गोळा करणारी तानाबाई शाहूपुरीत मिळालेला पितळी लष्करी तोफगोळा घेऊन आली. चाचांनी हातोडी उचलली, पण आधी बूड पाहिलं. मधली, दारू पेटवणारी टिकली ठोकलेली नव्हती. त्यांनी हातोडी हळूच खाली ठेवली.

“डोक्यावरनं आणलास व्हय?”

“मग काय, हत्तीवरनं?”

“बाई, हा अजून उडायचा हाय!”

चाचांनी मला पोलिसांकडे पिटाळलं. पोलीस येऊन गोळा घेऊन गेले.

“आन् माझं पैशे?” तिनं विचारलं.

“पितळ गेलं. वझं तर वाहिलंस की,” म्हणत चाचांनी तिला हमालाची दिवसाची मजुरी दिली.