तोबऱ्याचा मान

हुस्नाबानो चाचीला मंगरूळपीरला पक्कं घर आहे, दारात नळ आहे, डोक्यावर पंखा आहे. तरी तुळशीची लग्नं आटोपली की ती घराला कुलूप ठोकायची आणि आपली घोडी घेऊन अडाण नदीच्या काठावर राहायला जायची. पावसाळा तोंडावर आला की मगच परत. लग्नसराईत घोडेवाल्यांचं असंच असतं. आज वरात मेडशीला, उद्या रिठदला, परवा आणखी कुठं. रोज घोडी घरी आणून बांधणं परवडत नाही, आणि गल्लीत बांधली की शेजारी नाकाला पदर लावतात. नदीकाठी डोह आहेत, करंजाची सावली आहे, थोडाफार चारा आहे. टेम्पो येतो, घोडी घेऊन जातो, वरात झाली की आणून सोडतो. पाच-सहा घोडेवाल्यांची बिऱ्हाडं अशी मिळून तिथं पडलेली असत. त्याला आम्ही तळ म्हणतो.

मी घोडेवाला नाही, बँडवाला. ट्रम्पेट वाजवतो. नाव प्रसेनजित, पण तळावर सगळे परसेन म्हणतात आणि मी ओ देतो. डीजेने आमचा धंदा खाल्ला तरी काही घरी अजून बँड लागतो, म्हणून उन्हाळ्यात माझाही मुक्काम तळावरच. पलीकडच्या काठावर वनखात्याने हल्ली पर्यटनाचे तंबू ठोकलेत. अकोल्याची माणसं गाड्या घेऊन येतात, तंबूत झोपतात, डास चावून घेतात आणि वर त्याचे पैसे भरतात. मी एकदा म्हणालो, "चाची, हे सारं आपल्याले फुकटात भेटून राह्यलं."

"त्याईले घोड्याचा वास नाई भेटत," चाची म्हणाली. "थो आपल्याचकडं हाय."

तिचे वडील टांगेवाले, नवरा सैफुद्दीनही टांगेवाला. ऑटो आले, टांगे मोडीत निघाले, आणि टांग्याची घोडी नवरदेवाखाली गेली. सैफुद्दीन वारला तेव्हा सगळे म्हणाले, बाईमाणसाने घोडी कशाला सांभाळावी, विकून मोकळी हो. चाचीने कुणाचं ऐकलं नाही. वरातीत लगाम धरून चालायचं काम मुलाचं, एजाजचं. दाणापाणी, खरारा, पायाच्या पट्ट्या, कलगीचे मणी ओवणं, हे सगळं तिचं. डीजेच्या आवाजाने बुजू नये म्हणून घोडीच्या कानात कापसाचे बोळे घालायची युक्तीही तिचीच, पुढं सगळ्यांनी ती उचलली.

घोडीचं नाव शबनम. पांढरीशुभ्र, नाकाला तेवढी गुलाबी झाक. ती ह्याच काठावर जन्मली आणि तिची आई बाळंतपणातच गेली. चाचीने तिला शेळीच्या दुधावर जगवलं. आधी दुधात बुडवलेलं बोट चोखायला द्यायची, मग बाटली. त्यामुळे शबनमला आपण घोडी आहोत हे फारसं कळलेलं नसावं. लगाम वरातीपुरता. एरवी चाची पुढं आणि शबनम मागं. चाची भाकरी थापायला बसली की ही तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी. अशा जनावरावर ते गलेलठ्ठ नवरदेव तलवार घेऊन चढायचे आणि भीतीने तिचीच आयाळ उपटायचे, तेव्हा माझं टाळकं सरकायचं. ट्रम्पेट तोंडाला असायचं म्हणून बरं.

आता तोबऱ्याचं सांगतो. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला दाणा भरून बांधतात ती पिशवी. तळावर नवं जनावर आलं की त्याला पहिला दाणा त्याच्या स्वतःच्या तोबऱ्यातून द्यायचा नाही. तळावरच्या घोड्याच्या तोंडची पिशवी काढायची आणि पाहुण्याच्या तोंडाला बांधायची. तो खाऊन झाला की उरलेलं आपल्या घोड्याने खायचं. हा मान. एकदा तोबरा झाला की तो माणूस तळाचा झाला, मग त्याची जात, धर्म, गाव कुणी विचारत नाही. आमच्या लोकांना कुठल्या पाणवठ्यावर काय विचारत होते हे मी आजोबांकडून ऐकलेलं, त्यामुळे मला ही रीत फार आवडायची. आजही तिला नावं ठेवताना जीभ जड होते. पण तिनेच घात केला.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी पुसदकडून नानाजी नावाचे म्हातारे घोडेवाले तळावर आले. सोबत लाल घोडा. घोडा वाळलेला होता आणि नाकातून पिवळट चिकट गळत होतं. इतर घोडेवाल्यांनी तोंडं फिरवली. कुणी चुलीत लाकूड सारलं, कुणी उगाच दोर तपासायला लागलं. नानाजी उन्हात उभे.

"सर्दी झाली हाय त्याले," ते म्हणाले. "ओव्याची धुरी देऊन राह्यलो. दोन रोजात बरा होते."

एजाज आईच्या कानाशी लागला. "अम्मी, नाक पाय त्याचं. आपला तोबरा नको देऊ. त्याले येगळ्या घमेल्यात दाना दे."

चाचीनेही नाक पाहिलं होतं. मी तिच्याकडेच बघत होतो, ती घुटमळली. पण नानाजींच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला ते सोसवलं नाही. "दारी आलेल्या जनावराले घमेल्यात देते का कोनी? कुत्रं हाय काय थे?" ती म्हणाली. तिने शबनमच्या तोंडचा तोबरा सोडला आणि लाल घोड्याला बांधला. नानाजींचे डोळे भरून आले. घोडा खात असताना खोकत होता. मग चाचीने तोबरा डोहावर नेऊन खळखळून धुतला, उन्हात वाळवला, आणि संध्याकाळी शबनमला बांधला. धुतलं म्हणजे झालं, असंच तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

नानाजी दोन दिवस राहून पुढं गेले. काही आठवडे गेले. आम्ही वराती वाजवत होतो, शबनम नाचत होती, अंगावर काही नाही, नाक कोरडं, दाणा भरपूर. मग एक दिवस पांढरी जीप आली. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर निता मॅडम आणि दोन माणसं, हातमोजे, तोंडाला फडकी. नानाजींचा घोडा मेडशीच्या अलीकडे रस्त्यातच मेला होता. ग्लँडर्स होता, एका घोड्याचा दुसऱ्याला लागणारा रोग. म्हाताऱ्याने कुठं कुठं मुक्काम केला ते सगळं खरं सांगितलं होतं, म्हणून मॅडम आमच्यापर्यंत पोचल्या. सगळ्या घोड्यांचं रक्त घेतलं. तळावरून एकही जनावर हलवायचं नाही असं बजावलं. नमुने हरियाणाच्या प्रयोगशाळेत गेले, खात्रीसाठी परत घेतले, परत गेले.

बाकी सगळे घोडे तपासणीत सुटले. शबनम सापडली.

मॅडम वयाने लहान होत्या. त्यांनी चाचीच्या समोर खाली बसून सांगितलं. "चाची, ह्या रोगाला औषध नाही. माणसालाही होतो. कायद्याने जनावर ठेवता येत नाही. तिला झोपेचं इंजेक्शन देऊ, त्रास होणार नाही. उद्या दुपारी आम्ही येतो." भरपाईचंही त्या काही बोलल्या, पण तेवढ्यात चाची उठून घोडीकडे गेली होती.

"हे पाय, मॅडम," ती तिकडूनच म्हणाली. "खाऊन राह्यली. शेपटी हालवून राह्यली. कुठी हाय बिमारी?"

"रक्तात आहे, चाची."

"मले दिसत नाई."

"मलाही नाही दिसत," मॅडम म्हणाल्या.

जीप गेली आणि एजाज पेटला. हिंगोलीच्या पलीकडे त्याच्या ओळखीचा एक तळ होता. टेम्पोवाला तयार होता. सकाळी उजाडताच घोडी चढवायची, सरकारी माणसं दुपारी येतील तेव्हा दावं रिकामं. "अंगाले जरा हळद-चुना मारू, कोन वळखते?" तो म्हणाला. तळावरच्या सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू, मी तर टेम्पोवाल्याला फोनही लावून दिला. धडधाकट घोडी कागदावर मेलेली ठरते म्हणजे काय, ह्या रागातच मी होतो. ती घोडी चालायला लागली तेव्हापासून मी तिला पाहिलेलं.

चाची शबनमला खरारा करत राहिली. आम्ही तो होकार धरून चाललो.

उजाडलं, टेम्पो आला. फळी लावली. चाची पुढं चढली म्हणजे शबनम मागून आपसूक चढणार होती. चाची फळीवर एक पाय ठेवून थांबली.

"एजाज," ती म्हणाली, "तिथं गेल्यावर थे लोक काय करतीन?"

"काय करतीन? ठेवून घेतीन. आपले लोक हायेत."

"थेच म्हनून राह्यली. आपले लोक हायेत. गेल्या गेल्या आपल्या घोड्याचा तोबरा काढतीन आन् हिले बांधतीन."

"आपन नाई म्हनू."

"काय सांगून नाई म्हनशीन? खरं सांगतलं त उभं करतीन का? आन् नाई सांगतलं त..." तिने पाय खाली घेतला. "त्या घोड्यायले बी कोनी तरी दूध पाजून वाढवलं असन, बाप्पा."

एजाजने टेम्पोच्या दारावर डोकं आपटलं. मी म्हणालो, "चाची, जगाचा ठेका तू घेतला काय?" मला तिचा खरंच राग आला होता. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. टेम्पो रिकामा परत गेला.

दुपारी खड्डा खणायचं यंत्र आलं. नदीपासून लांब, पडीक माळावर खड्डा केला, चुन्याच्या गोण्या उतरवल्या. मॅडमची माणसं शबनमला दोराने ओढायला लागली तर ती जागची हलेना. कान मागं टाकले, पाय रोवले. मॅडमने चाचीला लांब थांबायला सांगितलं होतं, पण शेवटी त्यांनीच तिला हातमोजे दिले, फडकं दिलं. चाची घोडीच्या पुढं झाली आणि चालायला लागली. दोर नाही, काही नाही. शबनम तिच्या मागोमाग माळावर गेली, सवयीप्रमाणे, थेट खड्ड्याच्या काठाशी आली. फडक्यामुळे तिला चाचीचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून ती पुन्हा पुन्हा नाक पुढं करून हुंगत होती. चाचीला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

इंजेक्शन दिलं. आधी पुढचे गुडघे गेले. मग सगळीच बसली. मी दुसरीकडे पाहिलं, चाचीने नजर काढली नाही. तिने एक टिपूस गाळलं नाही. वर माती पडली, चुना पडला. झूल, कलगी, लगाम, तोबरा, सगळं जाळलं. एजाज त्याच संध्याकाळी घरी निघून गेला आणि कितीतरी दिवस आईशी बोलला नाही.

बंदी उठल्यावर तळ फुटला. लोक आपापले घोडे घेऊन दुसरीकडे गेले. मला वाटलं चाचीही घरी जाईल. ती गेली नाही. म्हणाली, रस्त्यावरच्या माणसाला काय माहीत इथं काय झालं? तळ आहे समजून कुणीतरी येईल, त्याच डोहावर घोडा सोडेल. डॉक्टरांनी पाटी लावली होती, पण वाचतो कोण? डोहाचं पाणी आता वाईट नाही असं मॅडम येऊन सांगून गेल्या. चाचीचा त्यावर विश्वास नव्हता. धुतलेल्या तोबऱ्यावर ठेवला होता तेवढा विश्वास पुरे झाला, म्हणाली. मी अधूनमधून भाकरी घेऊन जायचो. ती वाटेच्या तोंडाशी काठी घेऊन बसलेली असायची. येईल त्या घोडेवाल्याला पुढं जा म्हणून सांगायची. काही ऐकायचे, काही शिव्या घालायचे. गावात लोक म्हणू लागले की घोडी गेली आणि बाईचं डोकं फिरलं.

मेच्या अखेरीस मी तिथंच असताना एक जवान घोडेवाला आला. घोडा घामाने भिजलेला, जीभ बाहेर. चाचीने वाट अडवली. सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकलं आणि हसला.

"बिमारी कायची? चारापानी वाटून घ्यायले नको म्हनून कहानी सांगून राह्यली. तळावर पानी नाई म्हननारी बाई आजच पायली." तो बाजूने निघाला. घोड्याला डोह दिसला होता, तो आता कुणाचं ऐकत नव्हता.

"परसेन, अडव त्याले!" चाची ओरडली. मी धावलो, पण घोड्यापुढं माझं काय चालणार? घोडा उतारावर लागला. तेव्हा चाचीने दगड उचलला. जिने आयुष्यात कुठल्या घोड्यावर चाबूक उगारला नाही, तिने तो दगड सगळ्या ताकदीने मारला. घोड्याच्या कपाळावर बसला. घोडा किंचाळला, दोन पायांवर उभा राहिला आणि आला तसा उधळत रस्त्याला लागला. मालक शिव्या देत मागं पळाला.

शबनमला खड्ड्याशी नेताना न रडलेली चाची तिथंच वाटेत बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी तिला धरलं. ती सारखं एकच विचारत होती, "लागलं का रे त्याले, परसेन? लय लागलं का?"