चाळीस शर्ट अधिक पँट

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात कटिंग मास्तरांइतका सरळ माणूस दुसरा नव्हता. मी काज-बटणाच्या मशीनवर, त्यांच्या टेबलापासून चार हातांवर बसायचे, म्हणून खात्रीने सांगते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कापड कापलं. कागदावर लिहिलंय तेवढं कापायचं, लिहिलं नाही त्याला कात्री लावायची नाही, हा त्यांचा बाणा. एकदा चिठ्ठीत कुणीतरी ‘लांब बाही’च्या जागी ‘लांब बाई’ लिहिलं होतं, तर मास्तरांनी खुलासा येईपर्यंत दोन दिवस काम अडवून धरलं.

ऑर्डर लिहिणारे जुने कारकून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी बाई आल्या. बाईंनी तीस वर्षं शाळेत बीजगणित शिकवलेलं. शाळा सुटली, पण खोड काही सुटली नव्हती. पहिल्याच आठवड्यात पाणीपुरवठा खात्याच्या गायनपथकाची ऑर्डर आली. नव्या टाकीच्या उद्घाटनाला चाळीस कर्मचारी गाणार होते, आणि प्रत्येकाला एक शर्ट, एक पँट हवी होती. बाईंनी मास्तरांकडे चिठ्ठी पाठवली: ४० (शर्ट + पँट).

मास्तरांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली.

“चाळीस शर्ट,” ते म्हणाले, “अधिक पँट. पँटच्या मागे आकडा नाही. म्हणजे एक.”

“चाळीस जणांत एक पँट?” मी विचारलं.

“आपण विचारणारे कोण? आळीपाळीने घालत असतील.”

झालं. चाळीस शर्ट आणि मध्यम मापाची एक पँट, इस्त्री करून, गठ्ठा बांधून, उद्घाटनाच्या दिवशी सकाळी टाकीवर पोचली. तिथे काय झालं ते मला गठ्ठा घेऊन गेलेल्या टेम्पोवाल्याने सांगितलं. पथक टाकीच्या कठड्यामागे उभं केलं. कंबरेच्या वर सगळे एकसारखे निळे, कंबरेखाली ज्याचं त्याचं नशीब. ती एक पँट पथकप्रमुखांनी घातली. त्यांना ती पुढून लागत नव्हती, पण ते लोकांकडे पाठ करून हात हलवणार होते, त्यामुळे बिघडलं नाही. गाणं ऐकून पाहुणे खूश झाले आणि म्हणाले, या, जरा पुढे या, एक फोटो काढू. पथकाने लगेच दुसरं गाणं सुरू केलं. मग तिसरं. सातव्या गाण्याला पाहुणे थकून निघून गेले. खात्याकडून आभाराचं पत्र आलं आणि त्याखाली बारीक अक्षरात, उरलेल्या पँटा कधी मिळतील, अशी विचारणा.

मास्तरांचा चेहरा पार उतरला. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक खिसा वाकडा गेला नव्हता. बाई स्वतःहून त्यांच्या टेबलाशी आल्या.

“मास्तर, माझ्या वर्गातली निम्मी मुलं हेच करायची,” त्या म्हणाल्या. “कंसाबाहेरचा आकडा पहिल्याला हात देतो आणि दुसऱ्याला ओळखही दाखवत नाही. तसं चालत नाही. आत जेवढे असतील तेवढ्या सगळ्यांना त्याने गुणायचं. त्याला वितरणाचा नियम म्हणतात.”

“मला कोणी शिकवलं नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मास्तरांनी पुढच्या कामासाठी कापडाचे चाळीस थर एकावर एक अंथरले होते आणि वरच्या थरावर खडूने आखणी केली होती.

“हे कितींदा कापणार?”

“एकदाच. वरून कात्री फिरवली की खालपर्यंत जाते.”

“पुढचे भाग किती निघतील?”

“चाळीस.”

“आणि पाठी?”

“त्याही चाळीसच. पाठीने काय पाप केलंय?” एवढं बोलून मास्तर थांबले. टेबलाकडे बघितलं, खिशातल्या चिठ्ठीकडे बघितलं, आणि खाली बसले. “म्हणजे चाळीस हे थर. कंस म्हणजे वरची आखणी.”

“आणि आता उलटं करा,” बाईंना चेव आला. “चाळीस पुढचे भाग, अधिक चाळीस पाठी, अधिक ऐंशी बाह्या, अधिक चाळीस कॉलर. सगळ्यांत सामाईक काय?”

“चाळीस.”

“तो बाहेर काढा.”

मास्तरांनी टेबलावर खडूने लिहिलं: ४० (पुढचा भाग + पाठ + २ बाह्या + कॉलर). दोनाचा आकडा त्यांनी बराच विचार करून आत ठेवला, कारण तो फक्त बाह्यांचा होता.

“ह्याला अवयव पाडणं म्हणतात,” बाई म्हणाल्या.

“ते तर मी अठ्ठावीस वर्षं करतोय,” मास्तर म्हणाले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तर सरळ माणूस, नियम कळला की घरीदारी पाळणार. त्यांच्या घरी त्यांचे मेव्हणे राहायला होते, चार वर्षांपासून. स्वयंपाकघरात जावं तर मेव्हणे, बैठकीत जावं तर मेव्हणे, आणि अडगळीच्या खोलीत तर मेव्हण्यांशिवाय दुसरं काहीच नव्हतं. मास्तरांनी त्यांच्यासाठी जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवली.

“मेव्हणे, तुम्ही सगळ्यांत आहात,” ते म्हणाले. “म्हणून तुमची जागा बाहेर.”

मेव्हण्यांना हा मान वाटला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पेपरातून मान वर करून सांगत, “मी या घराचा सामाईक अवयव.”

तिसऱ्या दिवशी वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, कारखान्यात आल्या. “बाई, माझा भाऊ जिन्यात जेवतोय,” त्या म्हणाल्या. “ह्यांना काय शिकवलंत तुम्ही?”

बाई शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, रीत दाखवा.”

मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: मेव्हणे (स्वयंपाकघर + बैठक + ). अधिकच्या पुढे कोरं.

“ही जागा रिकामी का?”

“ती अडगळीची खोली. तिथे फक्त मेव्हणेच होते. ते काढले, काही उरलं नाही.”

“बाराला बाराने भागून काय येतं?”

“काही उ...” मास्तर थबकले. “एक.”

“मग तिथे एक लिहा. कोरं ठेवलंत तर कंस सोडवताना एक खोलीच गायब होईल.”

मास्तर घरी गेले ते खडू घेऊनच. अडगळीच्या खोलीच्या मधोमध फरशीवर त्यांनी मोठा १ काढला. वहिनी कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

“झाला ना एक लिहून? आता कंस सोडवा आणि माझ्या भावाला आत घ्या.”

मास्तरांनी दार उघडलं. मेव्हणे नियमाप्रमाणे आले. आधी स्वयंपाकघरात गेले, तिथे चहा घेतला आणि तासभर बोलले. मग बैठकीत आले, आणि तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा बोलले. शेवटी अडगळीच्या खोलीत गेले. तिथे एकाने गुणल्यामुळे ते मेव्हणेच राहिले, आणि गादी ओढून आडवे झाले.

“सगळं होतं तिथेच आलं की,” वहिनी म्हणाल्या. “मग ह्या उठाठेवीचा उपयोग काय?”

“उत्तर तेच आलं, म्हणजे रीत बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात पुरेपूर समाधान होतं. वहिनींनी फडकं ओलं केलं आणि मेव्हण्यांना थोडं सरकवून फरशीवरचा खडू पुसायला घेतला.